पर्यावरण जनसुनावणीत बोलायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाण, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट किंवा रसायनांचा कारखाना, बंदर असं काही येणार असलं की ‘अमुक तारखेला जनसुनावणी’ अशी जाहिरात पेपरात येते. मग गावागावांतून आणि वाडीवस्तीवरून तेच तेच प्रश्न येऊ लागतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आधार आहे केंद्र सरकारची १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचना (बोलीभाषेत ‘ईआयए अधिसूचना’) आणि तिचं परिशिष्ट ४. सुनावणी कशी घ्यायची हे त्या परिशिष्टात सांगितलं आहे. ते जेमतेम काही पानांचं आहे. छापून खिशात ठेवा, मंडपात उपयोगी पडतं.

जनसुनावणीत बहुसंख्य लोकांनी विरोध केला तर प्रकल्प रद्द होतो का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच, म्हणून तो आधी काढतो. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हात वर करून ठराव होत नाही आणि मंचावरच्या अधिकाऱ्यांना प्रकल्प मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकारही नसतो. त्यांचं काम लोकांचं म्हणणं नोंदवून वर पाठवण्याचं. निर्णय दिल्लीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालय घेतं किंवा मुंबईत राज्यस्तरीय प्राधिकरण (‘सिया’). त्यांना सल्ला देणारी तज्ज्ञ समिती तुमच्या गावी आलेली नसते. तिच्यापुढे जातं ते सुनावणीचं इतिवृत्त आणि चित्रफीत. जे इतिवृत्तात नाही ते बोललंच गेलं नाही असं धरून चाला. घोषणा कितीही दणक्यात दिल्या तरी इतिवृत्तात त्यांची एक ओळ होते : ‘काही ग्रामस्थांनी विरोध दर्शवला.’

मग ग्रामसभेचा ठराव आणि ही सुनावणी यांत फरक काय?

मोठा फरक आहे. वनहक्क कायदा किंवा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या भागात ग्रामसभेचं म्हणणं स्वतंत्रपणे वजनदार ठरतं. ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण बहुतेकांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानंतर तिथल्या १२ ग्रामसभांपुढे प्रश्न ठेवला गेला आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली. ती प्रक्रिया वेगळी होती, पर्यावरण जनसुनावणी नव्हती. तरीही ग्रामसभेचा ठराव झाला असेल तर त्याची सही-शिक्क्याची प्रत सुनावणीत जरूर द्या आणि ‘ही प्रत इतिवृत्ताला जोडावी’ असं माईकवरून सांगा.

प्रत्येक प्रकल्पाला सुनावणी असते का?

नाही. ‘अ’ वर्गातल्या (ज्यांचा निर्णय केंद्र घेतं) आणि ‘ब-१’ मधल्या (राज्यस्तरावरचे, पण सविस्तर अहवाल लागणारे) प्रकल्पांना असते, ‘ब-२’ ला (सविस्तर अहवाल न लागणाऱ्यांना) नसते. अधिसूचित औद्योगिक वसाहतींमधले उद्योग, इमारती व टाउनशिप, नव्याने जमीन न घेता होणारं रस्ता रुंदीकरण आणि संरक्षण खात्याचे प्रकल्प यांनाही सूट आहे. औद्योगिक वसाहतीत नवा रासायनिक कारखाना आला आणि शेजारच्या गावाला विचारलं गेलं नाही, असं होतं त्यामागे ही पळवाट असते. ‘पळवाट’ हा आमचा शब्द, सरकारी भाषेत ती ‘सूट’ आहे.

सुनावणीची खबर किती दिवस आधी मिळायला हवी?

किमान ३० दिवस. एका राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात द्यावी लागते. तारीख, वेळ, ठिकाण आणि अहवाल (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा, कंपनीने करवून घेतलेला) कुठे पाहायला मिळेल हे सगळं तिच्यात हवं. जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी, रेडिओ वगैरे मार्गांनी कळवायचं आहे. आमच्या अनुभवात जाहिरात बहुधा नियमाप्रमाणे येते, पण गावात कोणी न घेणाऱ्या पेपरात, आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत. म्हणून परिसरात प्रकल्पाची कुजबुज सुरू झाली की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरचं जनसुनावणीचं पान आठवड्यातून एकदा उघडायची सवय लावा. जाहिरात दिसली की पेपरचं ते पान कापू नका, अख्खं जपून ठेवा. तारीख आणि आवृत्ती त्यावरच असते.

जाहिरात आणि सुनावणी यांत ३० दिवसांपेक्षा कमी अंतर असेल तर जिल्हाधिकारी आणि मंडळाला लगेच लेखी कळवा. सुनावणीच्या दिवशी माईकवर सांगाल तेव्हा मंडप उभा राहिलेला असतो.

ऐनवेळी तारीख किंवा जागा बदलली तर?

आणीबाणीचं कारण असल्याशिवाय बदलता येत नाही. बदलायचीच असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस लागते, त्याच दैनिकांत पुन्हा जाहिरात द्यावी लागते आणि आधी सूचना लावलेल्या सगळ्या कार्यालयांत नवी सूचना लावावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘सुनावणी पुढे ढकलली’ हा निरोप खरा मानून घरी बसू नका. मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात फोन करून खात्री करा.

अहवाल कुठे मिळतो? तो तर इंग्रजीत असतो.

अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि पर्यावरण मंत्रालयाचं विभागीय कार्यालय इथे ठेवायचा असतो. सुनावणी संपेपर्यंत कार्यालयीन वेळेत कोणालाही तो पाहता येतो. कारण सांगावं लागत नाही, ओळखपत्राची अट अधिसूचनेत नाही.

मोठा अहवाल इंग्रजीतच असतो. मराठीत देणं बंधनकारक आहे ते त्याच्या सारांशाचं, ज्याला ‘कार्यकारी सारांश’ म्हणतात. हा सारांशसुद्धा लोकांना ३० दिवस आधी मिळायला हवा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. ‘उत्कर्ष मंडळ विरुद्ध भारत सरकार’ हे त्या निकालाचं नाव. अर्जात त्याचा उल्लेख केला की समोरचा जरा सावरून बसतो.

ग्रामपंचायतीत गेलात आणि ‘आमच्याकडे अजून आलेला नाही’ असं उत्तर मिळालं तर तसंच परत येऊ नका. तिथेच साध्या कागदावर दोन ओळी लिहा : ‘आज दि. … रोजी स. ११ वाजता अहवाल पाहण्यासाठी आलो असता उपलब्ध नसल्याचे सांगण्यात आले.’ आवक नोंद करून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर हा कागद तासभराच्या भाषणाहून कामाचा ठरतो.

एवढ्या शेकडो पानांत नेमकं काय पाहायचं?

सगळं वाचायला वेळ नसतो. अधिसूचनेच्या परिशिष्ट ३ ने प्रकरणांचा क्रम ठरवून दिला आहे, त्यामुळे शोधणं सोपं जातं. तिसरं प्रकरण परिसराच्या सध्याच्या स्थितीचं, चौथं परिणामांचं आणि उपायांचं, पाचवं पर्यायी जागा व तंत्रज्ञानाचं, दहावं पर्यावरण व्यवस्थापन आराखड्याचं. आमचा सल्ला : तिसरं प्रकरण गावातल्या जाणत्या माणसांसोबत बसून वाचा. ओढे, विहिरी, मासेमारीची ठिकाणं, चराईची रानं, देवराई, शाळा, सगळं नकाशावर आहे का? पाण्याचे आणि हवेचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले? बऱ्याच प्रकल्पांसाठी पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजणी पुरते. म्हणजे बारमाही म्हणून दाखवलेला ओढा चैत्रात कोरडा पडतो, हे अहवालाला ठाऊकच नसतं. ते तुम्हाला ठाऊक असतं.

वनस्पती-प्राण्यांची यादीही नीट चाळा. तुमच्या भागात कधी न दिसलेली झाडं सापडली तर मजकूर दुसऱ्या अहवालातून उचललेला असू शकतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात तर रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उतरवल्याचं उघडकीला आलं होतं!

मी त्या गावचा नाही. मला बोलू देतील का?

इथे वाद होतात, म्हणून नीट समजून घ्या. अधिसूचनेनुसार जनमत घेण्याचे दोन भाग आहेत. प्रत्यक्ष सुनावणी प्रामुख्याने स्थानिक बाधितांसाठी असते आणि ज्यांचा प्रकल्पाशी काही ना काही संबंध आहे अशा इतरांनी लेखी म्हणणं द्यावं, अशी रचना आहे. पण परिशिष्ट ४ मध्ये असंही म्हटलं आहे की सुनावणीच्या ठिकाणी हजर असलेल्या प्रत्येक व्यक्तीला प्रकल्पाबद्दल माहिती किंवा खुलासा मागण्याची संधी द्यावी. ‘बाहेरचे आहात, खाली बसा’ असं कोणी दरडावलं तर हे वाक्य वाचून दाखवा. तरी माईक मिळाला नाही तर भांडत बसू नका, लेखी निवेदन तिथेच द्या.

आणि खरं सांगायचं तर बाहेरच्या अभ्यासकाने आधी गावकऱ्यांना बोलू द्यावं हेच बरं. शहरातून आलेल्या चार जणांनी दीड तास खाल्ला आणि कोळीवाड्यातल्या बायका न बोलता परत गेल्या, असं व्हायला नको.

नाव आधी नोंदवावं लागतं का? किती वेळ बोलता येतं?

हजर असलेल्यांची हजेरी घेऊन ती इतिवृत्ताला जोडायची असते, त्यामुळे प्रवेशद्वारापाशी वहीत नाव, गाव लिहून सही करावी लागते. बोलण्यासाठी आधीच नोंदणी केली पाहिजे अशी अट अधिसूचनेत नाही. काही ठिकाणी सोयीसाठी चिठ्ठ्या घेतात, तशी पद्धत असेल तर लवकर जाऊन चिठ्ठी द्या.

वेळेची मर्यादाही अधिसूचनेत नाही. गर्दी पाहून अध्यक्ष प्रत्येकी काही मिनिटं ठरवून देतात आणि ते ठीकही आहे. मात्र वेळ संपली म्हणून रांगेतल्या माणसांना न बोलू देता सुनावणी गुंडाळणं नियमात बसत नाही. आम्ही सुचवू, तीन मिनिटांत संपेल एवढंच बोला आणि बाकीचं कागदावर द्या. गावाने मुद्दे वाटून घ्यावेत. एकाने पाणी, दुसऱ्याने रस्त्यावरची अवजड वाहतूक, तिसऱ्याने शेती. सगळ्यांनी तेच बोललं तर इतिवृत्तात एकच मुद्दा उरतो.

मराठीत बोललं तर चालतं ना?

चालतं म्हणजे काय, तोच तुमचा हक्क आहे. अहिराणी, मालवणी, वारली, कोरकू, जी जिभेवर असेल तीत बोला. फक्त नोंद घेणाऱ्याला कळलं का ते विचारा. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत समजावून सांगणं बंधनकारक आहे. लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यावर कंपनीचं उत्तर यांचा तक्ता स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत, दोन्हींत करायचा असतो. प्रकल्पाची माहिती देणारा सल्लागार इंग्रजीत स्लाइड दाखवत सुटला तर सगळ्यांनी मिळून थांबवा आणि मराठीत सांगायला लावा.

नेमकं काय बोलायचं?

‘आमचा या विनाशकारी प्रकल्पाला तीव्र विरोध आहे’ हे वाक्य म्हणायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नका. त्याला उत्तर द्यावं लागत नाही. उत्तर द्यावं लागतं प्रश्नाला. उदाहरणार्थ :

‘माझं नाव अमुक, राहणार अमुक वाडी. अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणात भूजलाची पातळी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मोजली आहे. आमच्या वाडीच्या दोन्ही विहिरी मार्चअखेर तळाला जातात. कंपनी रोज जेवढं पाणी उपसणार आहे, त्याचा उन्हाळ्यात या विहिरींवर काय परिणाम होईल, याचा आकडा अहवालात नाही. तो द्यावा आणि हा प्रश्न माझ्या नावानिशी नोंदवावा.’

नाव, ठिकाण, अहवालातली जागा, आपला अनुभव, प्रश्न आणि मागणी, सगळं एका दमात झालं. शेवटचं ‘नोंदवावा’ विसरू नका.

नोकऱ्या आणि जमिनीच्या भावाबद्दलही लोक बोलतात आणि त्यांनी बोलावं. पण भाव इथे ठरत नाही. भूसंपादनाची २०१३ च्या कायद्याखालची सामाजिक परिणामांची सुनावणी वेगळी असते. रोजगाराचं आश्वासन मात्र आकड्यासह आणि कामाच्या प्रकारासह नोंदवून घ्या. ‘स्थानिकांना प्राधान्य’ या शब्दांत सुरक्षारक्षकाच्या नोकरीपलीकडे बरेचदा काहीच नसतं.

प्रकल्पाच्या बाजूने बोलता येतं का?

अर्थात येतं. सुनावणी विरोधकांसाठीच आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. कंपनीने बस भरून आणलेली माणसं आणि खरोखर प्रकल्प हवा असलेले गावकरी यांत गल्लत करू नका. शेजाऱ्याला टाळ्या-शिट्ट्यांनी खाली बसवलं तर त्याचंही चित्रीकरण होतच असतं.

लेखी निवेदन कुठे द्यायचं?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जाहिरातीत दिलेल्या कार्यालयात, सुनावणीपूर्वी. शिवाय सुनावणीच्या दिवशी मंचावर. दोन प्रती न्या आणि पोच घ्या. ई-मेल केलात तर त्याची छापील प्रतही द्या. छापील नमुन्यावर नुसतं नाव भरून शेकडो अर्ज देण्याची पद्धत आहे. त्याने गठ्ठा मोठा दिसतो, पण समितीपुढे तो एकच मुद्दा म्हणून जातो. दहा जणांनी आपापल्या शेतातलं, बोटीतलं, विहिरीतलं लिहिलं तर ते दहा मुद्दे होतात.

मंचावर कोण असतं?

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. हा प्रतिनिधी अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जापेक्षा खालचा नसावा. तहसीलदार अध्यक्ष म्हणून बसलेले दिसले तर हरकत नोंदवा. सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी असतो. कंपनीची माणसं माहिती द्यायला आणि प्रश्नांना उत्तरं द्यायला असतात, सुनावणी चालवायला नव्हे. सूत्रसंचालन कंपनीचा जनसंपर्क अधिकारी करत असेल तर तेही खटकायला हवं.

बहिष्कार टाकला तर? किंवा सुनावणी उधळली तर?

हा निर्णय गावाचा, आम्ही कोण सांगणार? पण परिणाम माहीत असूनच तो घ्या. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. रिकाम्या खुर्च्यांपुढेही ती कायदेशीर ठरू शकते आणि इतिवृत्तात ‘कोणतीही हरकत प्राप्त झाली नाही’ असं लिहिलं जाऊ शकतं. उधळली तर त्याहून वाईट होण्याची शक्यता आहे. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मत मांडता येत नाही, असा अहवाल गेला तर त्या प्रकरणात सुनावणीच नको, असं ठरवण्याची तरतूद अधिसूचनेत आहे. बहिष्कारच टाकायचा असेल तर निदान लेखी हरकती आणि बहिष्काराची कारणं आधी देऊन, पोच घेऊन मग टाका.

काही गावांनी मधला मार्ग काढला आहे : आत जायचं, प्रक्रियेवरच्या हरकती पहिल्यांदा नोंदवायच्या, मग मुद्दे मांडायचे आणि त्यानंतर निषेध करून बाहेर पडायचं. आम्हाला हा मार्ग सगळ्यात बरा वाटतो, फक्त दोन-चार जणांना शेवटपर्यंत आत ठेवा. का ते पुढच्या उत्तरात.

इतिवृत्त वाचून दाखवतात म्हणजे काय?

सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि नेमका याच वेळी मंडप रिकामा झालेला असतो. ऊन कलतं, एसटी गाठायची असते, गुरं बांधायची असतात. पण नियम असा की लोकांनी मांडलेल्या सगळ्या मतांचा आणि चिंतांचा अचूक सारांश मंडळाच्या प्रतिनिधीने लिहायचा, तो शेवटी उपस्थितांना वाचून दाखवायचा, स्थानिक भाषेत समजावायचा आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करायची.

‘मान्य झालेलं’ या शब्दांना धरून बसा. गावाने दोन माणसं फक्त टिपण काढायला नेमावीत : कोण बोललं, काय विचारलं, कंपनीने काय उत्तर दिलं. वाचन सुरू झालं की ते टिपण समोर ठेवून पडताळा. मुद्दा गाळला असेल तर उठून सांगा आणि घालून घ्या. ‘कच्चं आहे, ऑफिसला जाऊन पक्कं करू’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नकार द्या आणि तो नकारही नोंदवायला सांगा.

चित्रीकरण होतं का? आम्ही मोबाईलवर करू शकतो का?

संपूर्ण सुनावणीचं चित्रीकरण मंडळाने करायचंच असतं आणि ती चित्रफीत इतिवृत्तासोबत पुढे जाते. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून तिची प्रत मागता येते. आपणही चित्रीकरण करू नये अशी बंदी अधिसूचनेत नाही. सुनावणीच खुली असते, लपवण्यासारखं काय आहे?

नंतर पुढे काय होतं?

कंपनीचा अर्ज मिळाल्यापासून ४५ दिवसांत सुनावणी उरकायची आणि ती झाल्यावर ८ दिवसांत इतिवृत्त वर पाठवायचं, अशी मुदत मंडळाला आहे. इतिवृत्त ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालयात लावायचं आणि मंडळाच्या संकेतस्थळावर टाकायचं असतं. त्यात चूक दिसली तर तुम्ही थेट मंत्रालयाला किंवा ‘सिया’ला लिहू शकता, कंपनीला प्रत देऊन. ही सोय फारशी कोणी वापरत नाही.

त्यानंतर कंपनीने उपस्थित झालेल्या पर्यावरणविषयक मुद्द्यांना उत्तर देऊन अंतिम अहवाल करायचा. तज्ज्ञ समितीच्या बैठकांचे कार्यक्रम आणि इतिवृत्तं ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर येतात. वर सांगितलेल्या गोव्याच्या निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की समितीने लोकांच्या हरकतींचा विचार करून कारणं दिली पाहिजेत. म्हणून समितीच्या इतिवृत्तात आपला मुद्दा शोधा. त्यावर एक अक्षरही नसेल तर तीच पुढच्या लढाईची पहिली वीट.

मंजुरी मिळाली. आता?

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी खंडपीठ पुण्यात आहे. मुदत मंजुरी कळवल्यापासून ३० दिवस. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यानंतर नाही. तारखांवर डोळा ठेवा.

सुनावणीच्याच दोषावरून मंजुरी गेल्याची उदाहरणं आहेत. छत्तीसगडमधल्या रायगढ जिल्ह्यात (आपला रायगड नव्हे) गारे पेल्मा भागातल्या एका कोळसा खाणीची सुनावणी ५ जानेवारी २००८ रोजी झाली. ती कशी घेतली गेली यावर ताशेरे ओढत न्यायाधिकरणाने २० एप्रिल २०१२ रोजी त्या खाणीची पर्यावरण मंजुरी रद्द केली. मधे चार वर्षं गेली, हेही लक्षात असू द्या.

वीज दरवाढ, शहराचा विकास आराखडा यांच्या सुनावण्यांनाही हेच नियम?

नाहीत. वीजदराची सुनावणी २००३ च्या वीज कायद्याखाली राज्य वीज नियामक आयोग घेतो, आराखड्यावरच्या हरकती १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली ऐकल्या जातात. मुदती, अर्जाचा नमुना, बोलण्याची पद्धत सगळं वेगळं. त्या त्या जाहिरातीत दिलेलं नीट वाचा. पोच घेण्याची सवय मात्र सगळीकडे चालते.